माएबूर्गला आलेला धाकू

आमच्या बांना आयुष्यात एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. आपण बोलतो ती मराठी तिकडच्या माणसाला कळते की नाही, एवढंच. तिकडचा म्हणजे मुंबईचा, रत्नागिरीकडचा. बांचे आजोबा कोकणातल्या कुठल्याशा गावातून निघाले आणि जहाजात बसून मॉरिशसला उसाच्या मळ्यावर आले. येताना दुसरं काय आणणार? बोलणं आणलं. ते त्यांनी मुलांना दिलं, मुलांनी बांना दिलं. मधल्या काळात ते बरोबर आहे की चुकीचं, हे तपासायला कोणी आलं नाही.

"आमी बोलतो ती मराठीच हाय का आमची आमीच केलेली कायतरी भाशा हाय, कोन सांगनार?" बा म्हणायचे. "येकदा तिकडचा मानूस भेटाया पायजे. मी बोलनार, आनि तेच्या तोंडाकडं बगनार. समजलं तर समजलं."

मी हे हसण्यावारी न्यायची. पण बांच्या मनातून ते जात नव्हतं. ते रेल्वेत तिकीटबाबू होते. एकदा पोर्ट लुईला मुंबईचं जहाज लागलंय असं कळलं, तेव्हा कोट घालून, रजा टाकून ते बंदरावर गेले. जहाजावर भेटला तो आचारी, आणि तो निघाला गुजराती. दोघं हिंदीत बोलले, त्याने बांना चहा पाजला आणि बा संध्याकाळच्या गाडीने परत आले. पुढे ती रेल्वेही बंद झाली, बा घरी बसले, आणि आई गेली. आई गेल्यावर बांशी त्यांच्यासारख्या मराठीत बोलणारी घरची मी एकटी उरले. मी दोन गल्ल्या पलीकडे राहायची, प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि शाळा सुटली की बांकडे एक चक्कर ठरलेली.

बा राहायचे माझ्या धाकट्या भावाकडे, इंद्रजीतकडे. त्याची बायको वत्सला सूयाक गावची. तिला मराठी सगळी कळायची, पण तोंड उघडलं की क्रिओल, म्हणजे बेटावरची फ्रेंच वळणाची बोली. बा मराठीत चहा मागायचे, ती क्रिओलमध्ये साखर किती ते विचारायची, आणि दोघांचं झकास चालायचं. अडचण होती ती इंद्रजीतची.

इंद्रजीत सरकारी कचेरीत कारकून आणि आमच्या मराठी मंडळाचा चिटणीस. त्याने टपालाने मराठीच्या परीक्षा दिल्या होत्या. भारतातून पुस्तकं यायची, तो उत्तरं लिहून पाठवायचा, आणि शिक्का मारलेलं प्रमाणपत्र आलं की ते काच लावून भिंतीवर टांगायचा. हुशार होता, कष्टाळू होता, आणि अगदी नाकाने कांदे सोलायचा. मंडळाच्या पंगतीत भात वाढतानासुद्धा "कृपया" म्हणायचा. लोक घाबरून ताट मागे ओढायचे.

मी हे लिहितेय ती मराठीही शेवटी त्याच्याच पुस्तकांतून शिकलेली आहे, हे कबूल करायला हवं. बांची मराठी कागदावर बसत नाही, सारखी उठून चालायला लागते.

जेवताना तो बांना सुधारायचा. "बा, 'हाय' नव्हे. 'आहे'."

"हाय ना पन?"

"आहे."

"मंग झालं तर," म्हणून बा डाळ ओतून घ्यायचे.

वरवर हसायचे, पण हळूहळू इंद्रजीतसमोर ते कमी बोलायला लागले होते. मला ते दिसत होतं आणि माझा जीव तुटायचा. एकदा मी इंद्रजीतला म्हटलं, "अरे, बापाचं बोलणं आहे ते, गणिताची वही नव्हे, लाल शाई कसली मारतोस?" तर म्हणाला, "आक्का, तुला कळत नाही. उद्या स्वातंत्र्य येईल. प्रत्येक समाजाला विचारतील, तुमची भाषा कोणती. तेव्हा आपण काय दाखवायचं? 'हाय' आणि 'नाय'?"

त्याचंही खोटं नव्हतं. त्या दिवसांत जो तो आपली भाषा, आपली देवळं, आपले सण पुढे करत होता. आम्ही मूठभर मराठी माणसं. लोक आम्हाला 'बोंबाय' म्हणायचे, मुंबईच्या धक्क्यावरून आलेले म्हणून, आणि तेवढ्यावर विषय संपवायचे.

चौसष्ट साली मंडळाने ठरवलं की आमच्या माएबूर्ग गावात एक मराठी सिनेमा दाखवायचा. हिंदी सिनेमे दर आठवड्याला यायचे. मुली त्यातल्या नायिकांसारख्या साड्या नेसायला शिकल्या, मुलगे त्यातल्या नायकांसारखे केस वळवायला शिकले, आणि गाणी तर शब्द न कळणारेसुद्धा म्हणायचे. पण मराठी सिनेमा आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. मुंबईचे एक गृहस्थ हिंदी सिनेमे विकायला आफ्रिकेपर्यंत फिरायचे, ते आमच्याकडेही येणार होते. इंद्रजीतने त्यांना गळ घातली. त्यांनी आनंदाने होकार दिला आणि एका मराठी सिनेमाच्या पेट्या बरोबर आणल्या. वर म्हणाले, भाडं नको, मलाही आपल्या माणसांत बसून बघायचाय.

"लोकांना एकदा ऐकू दे, खरी मराठी कशी असते ते," इंद्रजीत मला म्हणाला.

बांना यातलं एवढंच ऐकू आलं की तिकडचा मराठी माणूस येतोय, आणि आपल्याच घरी जेवायला येतोय. ते न्हाव्याकडे जाऊन आले. कोट उन्हात टाकला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुंती, काय बोलू गो पयलं?"

"मनात येईल ते बोला," मी म्हटलं.

पण शनिवारी सकाळी पाहुणे यायच्या आधी इंद्रजीत बांच्या खाटेजवळ येऊन उभा राहिला. आवाज अगदी मऊ होता, त्यामुळे मला जास्त राग आला. "बा, पाहुणे शिकलेले आहेत. तुम्ही नमस्कार म्हणा आणि बसा. बाकी मी बोलतो. त्यांचा गैरसमज नको."

"कसला गैरसमज?" मी विचारलं.

"की आपल्याला मराठी येत नाही."

बांनी मान हलवली. "बरं," म्हणाले.

पाहुणे गोरेगोमटे, हसरे, बोलके. त्यांच्या तोंडून मराठी अशी धावायची की मी एक वाक्य पकडेपर्यंत पुढची तीन निघून गेलेली असायची. वत्सलाने माशाचं विंदाय केलं होतं, मोहरी-हळदीचं. त्यांनी ते मागून मागून खाल्लं. बांनी नमस्कार म्हटलं आणि मूग गिळून बसले. ते पाहुण्यांच्या ओठांकडे बघत होते. ओठ हलायचे, बांची मान किंचित पुढे जायची, आणि पुन्हा मागे यायची. त्यांना कशाचा अर्थ लागत नव्हता.

पाहुण्यांना वाटलं, म्हाताऱ्याला मराठी येत नाही. माणूस भला. वाईट वाटायला नको म्हणून ते बांकडे वळले आणि मोठ्याने, सावकाश, हिंदीत म्हणाले, "बाबूजी, खाना बहुत अच्छा है!"

बा हसले आणि हिंदीतच म्हणाले, "जी, शुक्रिया."

मी ताट उचलून आत गेले. वत्सला चुलीपाशी उभी होती, तिने ऐकलं होतं. "आयो, बा..." एवढंच म्हणाली आणि नळ सोडला. पाहुणे गेल्यावर बा अंगणात खुर्ची टाकून बसले. खाडीकडून वारा येत होता. मी जवळ गेले तर म्हणाले, "मला तेंचं बोलनं समजलं नाय गो. म्हंजे तेंला बी माजं समजनार नाय. इंद्रजीत बोलतो तेच खरं. ही आपली आपनच केलेली भाशा हाय." मला स्वतःला पाहुण्यांचं बोलणं अर्धंमुर्धंच कळलं होतं.

रविवारी सकाळी माएबूर्गच्या थिएटरसमोर बस उभ्या राहिल्या. सूयाकचे, त्याच्या शेजारच्या सुरिनाम गावचे, आतल्या मळ्यांवरचे, सगळे आले. लेकुरवाळ्या आल्या, काठ्या टेकत म्हातारे आले. सुरिनामची भगवती आजी नारळ घेऊन आली होती. नवीन काम, तेही मराठीतलं, म्हणजे नारळ फोडायलाच हवा, असं तिचं म्हणणं. तिने पडद्यासमोर नारळ फोडला, कापूर लावला, आणि पडद्याच्या कडेला हळदीकुंकवाची दोन बोटं ओढली. थिएटरचा मालक डोक्याला हात लावून बघत राहिला. पाहुणे मात्र खूश झाले. म्हणाले, आमच्या कंपनीच्या मुहूर्तालासुद्धा इतक्या भक्तीने कोणी नारळ फोडत नाही.

दिवे गेले. बा माझ्या शेजारी बसले होते. इंद्रजीत पाहुण्यांबरोबर मागे, चांगल्या खुर्च्यांवर.

सिनेमा एका मोठ्या बंगल्यातला होता. नायक बॅरिस्टर, नायिका डॉक्टर. नायकाची आई जरीची साडी नेसून जिन्यावरून सारखी खाली यायची. ती सगळी माणसं भराभर बोलायची आणि त्यांचं आम्हाला काही कळत नव्हतं. सुरुवातीला लोकांनी जीव तोडून ऐकलं. मग बाळं रडायला लागली, मग पिशव्यांतून वाटाणे निघाले, मग मागच्या रांगेत कुणाच्या तरी लग्नाची बोलणी चालू झाली. मला वाटलं, आता सगळे घरी जातील आणि म्हणतील, आपल्याला मराठी येतच नाही. इंद्रजीतने मोठ्या हौसेने आम्हाला आमचंच अज्ञान दाखवायला आणलं होतं.

तेवढ्यात पडद्यावर एक माणूस आला. डोक्यावर बोचकं, हातात सुक्या बोंबलांची जुडी, धोतर गुडघ्याच्या वर. बंगल्याच्या दारात उभा राहून त्याने हाक मारली, "घरात कोन हाय काय?"

आणि सगळं थिएटर म्हणालं, "या, या!"

खोटं नाही सांगत. तीनचारशे माणसं एका दमात बोलली. भगवती आजी तर अर्धी उठली, पाणी आणायलाच जणू. बांनी माझं मनगट धरलं. "आयकलंस? कुंती, आयकलंस?"

त्याचं नाव धाकू. कोकणातून बंगल्यावर गडी म्हणून आलेला. तो बोलायचा ते सगळं आम्हाला कळायचं, शब्दन् शब्द. तो 'हाय' म्हणायचा, 'नाय' म्हणायचा, 'बग' म्हणायचा. बाळं गप्प झाली, लग्नाची बोलणी थांबली. धाकू पडद्यावर असला की टाचणी पडली तरी ऐकू येईल. तो आत गेला आणि बॅरिस्टर बोलायला लागला की पुन्हा वाटाणे. आमच्या लोकांचा सरळ हिशेब होता: ज्याचं बोलणं कळतं तो नायक. बॅरिस्टर हा त्याचा कुणी श्रीमंत, नादान मालक असणार.

मालकिणीने बोंबलांच्या वासाने नाकाला पदर लावला, तेव्हा थिएटरमधल्या बायकांनी चक् चक् केलं. धाकूच्या हातून काचेची सुरई फुटली, तेव्हा लोक हळहळले. मालकिणीने त्याला घराबाहेर काढलं. तो बोचकं घेऊन जिन्यावरून निघाला, पाय घसरला, गडगडत खाली आला, आणि पडद्यावर पिपाणी वाजली, पें पें. इकडे भगवती आजी मालकिणीवर ओरडली, "मेले, तुज्या तोंडात शेन पडो!" पिपाणी का वाजली ते कुणालाच कळलं नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईने डोळे पुसले.

बा तर केव्हाचे रडत होते. पण ते हसतही होते. "तिकडं बी हाय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. "तिकडं बी हाय गो. आमी केलेली नाय."

मी मागे वळून पाहिलं. इंद्रजीत खाली मान घालून बसला होता. पाहुणे मात्र गोंधळून इकडेतिकडे पाहत होते.

धाकू गेल्यावर सिनेमा आणखी बराच चालला. कोर्ट झालं, गैरसमज झाले, ते मिटले. लोक धाकू परत यायची वाट बघत बसले. तो शेवटी लग्नात आला, लाडवांचं ताट घेऊन, आणि पुन्हा घसरला. थिएटर सुस्कारलं. दिवे लागले.

बाहेर ओसरीवर चहा होता आणि वत्सलाने तळलेले गातो-पिमां, आमच्याकडची डाळीची मिरची घातलेली भजी. मी परात घेऊन फिरत होते, त्यामुळे पाहुणे आणि इंद्रजीत यांचं बोलणं माझ्या कानावर पडलं. पाहुण्यांचा चेहरा उतरला होता, बोलणंही नेहमीसारखं धावत नव्हतं.

"इंद्रजीतराव, काही चुकलं का? धाकूला एक हसू नाही! अहो, मुंबईत, पुण्यात, त्याने नुसतं तोंड उघडलं की थिएटर डोक्यावर घेतात. तो घसरतो तिथे तर पुढचं ऐकूच येत नाही. त्याच्या बोलण्यावर तर सिनेमा चालला. इथे लोक चक्क रडत होते."

इंद्रजीतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माझ्या आता लक्षात आलं, पिपाणी का वाजली ते. धाकू विनोदी होता. त्याच्या पडण्यावर हसायचं होतं, आणि त्याच्या बोलण्यावरही. तिकडे आमच्यासारखं बोलणं म्हणजे हसण्याची गोष्ट होती. इंद्रजीतला हे पुस्तकांतून आधीच ठाऊक असणार. म्हणूनच तर तो बांच्या मागे लागला होता.

आणि नेमके तेव्हाच बा आले.

गर्दीतून वाट काढत, कोटाची बटणं लावत, ताठ चालत आले. कालचे बा ते नव्हतेच. इंद्रजीतने "बा..." म्हणून हात पुढे केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते पाहुण्यांसमोर उभे राहिले, दोन्ही हात जोडले, आणि जन्मभर साठवलेलं बोलले.

"नमस्कार. मी बलराम. आमचा आजा तिकडनं आला, रत्नागिरीच्या बाजूनं. धाकू बोलतो ना, आमी बी तसंच बोलतो. मला येक सांगा, तो धाकू कंच्या गावचा हाय?"

पाहुणे क्षणभर बघत राहिले. मग त्यांचा चेहरा फुलला. ते खदखदून हसले. मांडीवर थाप मारली, टाळ्या पिटल्या. "वा! वा, आजोबा! काय नक्कल! हुबेहूब! बघा इंद्रजीतराव, सगळ्या थिएटरात एकाला तरी धाकू कळला! काल तोंडातून मराठीचा शब्द नाही, आणि आज एकदा पाहून... पुन्हा म्हणा, आजोबा. ते 'कंच्या गावचा' पुन्हा म्हणा!"

माझ्या हातात परात होती, ती त्या माणसाच्या डोक्यावर ओतावी असं मला वाटलं. बा तसेच हात जोडून उभे होते. ओठांवर हसू होतं, पण ते आता कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. नक्कल या शब्दाचा अर्थ त्यांना नीट ठाऊक होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचंच होतं.

मी तोंड उघडणार तोच इंद्रजीत बोलला. "ही नक्कल नाही."

"अं?"

"हे माझे वडील आहेत. ते असंच बोलतात." मग ओसरीवरच्या लोकांकडे हात करून म्हणाला, "आम्ही घरी सगळेच असं बोलतो. हे इथे जमलेत ना, हे सगळे असंच बोलतात. म्हणून कुणी हसलं नाही."

पाहुण्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्यांनी एकदा बांकडे पाहिलं, एकदा ओसरीवर उभ्या असलेल्या सगळ्या लोकांकडे. मग पुढे होऊन बांचे हात धरले. माणूस खरोखर ओशाळला होता, आणि ओशाळल्यावर त्यांना पुन्हा हिंदीच सुचली. "बाबूजी, मुझे माफ कीजिए, मैं समझा..."

"हिंदी नको," बा म्हणाले.

पाहुण्यांनी मान डोलावली.

"तुमी हसलाव," बा म्हणाले. आवाजात राग नव्हता. ते त्यांच्या तोंडाकडे अगदी बारकाईने बघत होते. "माजं बोलनं आयकून हसलाव. म्हंजे तुमाला ते समजलं ना?"

"समजलं," पाहुणे हळूच म्हणाले. "सगळं समजलं, आजोबा."

"समद्यातलं समदं?"

"शब्दन् शब्द."

बांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना आई असतानाही इतकं आनंदी पाहिलं नव्हतं. ज्या गोष्टीने माझं काळीज करपत होतं, त्यातून या माणसाने आपल्याला हवं होतं तेवढं नेमकं उचलून घेतलं होतं. मला ते पटत नव्हतं. अजूनही पटत नाही. पण उत्तर ज्याला हवं होतं त्याला ते मिळालं होतं, आणि मी कोण नाही म्हणणार?

"बग कुंती," ते म्हणाले, "मराठीच हाय." मग पुन्हा पाहुण्यांकडे वळले. त्यांचा प्रश्न राहिला होता. "मंग सांगा ना. धाकू कंच्या गावचा?"

पाहुणे अवघडले. त्यांनी इंद्रजीतकडे पाहिलं आणि त्यांची नेहमीची मराठी पुन्हा धावायला लागली, खालच्या आवाजात. "काय सांगू हो आता यांना? अहो, तो नट गिरगावातला. जन्म तिथलाच. घरी चोख पुणेरी बोलतो, कोकण त्याने बोटीतूनसुद्धा पाहिलं नसेल. ती भाषा दिग्दर्शकाने घोटून घेतली त्याच्याकडून, प्रेक्षक हसावेत म्हणून. पडद्याबाहेर एक वाक्य तसं बोलायचा नाही. तुम्हीच सांगा काहीतरी."

बांना त्यातलं काही कळलं नाही. ते काल जेवताना बघत होते तसे ओठांकडे बघत राहिले, आणि मग इंद्रजीतकडे वळून वाट बघू लागले.

मला तेव्हा सगळं समजलं नव्हतं, ते इंद्रजीतने पुढे सांगितलं; पण गिरगाव म्हणजे मुंबई एवढं समजलं होतं आणि पाहुण्यांचा चेहरा समजला होता. मी इंद्रजीतकडे पाहिलं. माझा हा भाऊ कधी खोटं बोलला नव्हता. लहानपणी काच फोडली तरी स्वतः जाऊन सांगायचा आणि मोठी म्हणून मला मार बसायचा. तो बांच्या जवळ गेला, वाकला, आणि कित्येक वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं तसं बोलला.

"रत्नागिरीकडचाच हाय, बा. आपल्याच बाजूचा. तिकडं समदी तशीच बोलत्यात."

पाहुणे ऐकत होते. ते आता हसले नाहीत.

बांनी मान डोलावली, पुन्हा पुन्हा डोलावली. मग इंद्रजीतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मंग तुजे पावने तिकडं जातील ना, तवा तेंला सांग, म्हनावं, धाकूला सांगा, आमी बी हाव हितं."

इंद्रजीत पाहुण्यांकडे वळला. त्याने ते सांगितलं. बा जसं म्हणाले तसंच, एक अक्षरही न सुधारता.